देवरेताईंची ठकी

देवरेताईंचा उजवा अंगठा कधी स्वस्थ बसला नाही. ज्या वस्तूला कड असेल तिच्यावरून तो फिरायचाच. चहाच्या कपाची कड, कंपनीच्या बसमधल्या सीटची कड, कॅन्टीनच्या टेबलाची कड. समोरचा माणूस तावातावाने काहीतरी सांगत असायचा, ताई मान डोलवत ऐकत असायच्या आणि अंगठा आपला टेबलाखाली तपासणी करत असायचा. मी नोकरीला लागले त्या दिवशी दुपारी त्यांनी न विचारता माझा जेवणाचा डबा उचलला, झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवला. "धार आहे," म्हणाल्या, "पोराच्या हातात देऊ नको." मला पोर नव्हतं. लग्नही व्हायचं होतं. पण घरी जाऊन मी तो डबा बदलला, हे खरं.

आम्ही दोघी सिल्वासाजवळ गलोंड्याच्या एका कारखान्यात होतो. तिथे प्लॅस्टिकचे डबे आणि झाकणं होतात. मी डिस्पॅचच्या ऑफिसात बसायची, ताई तपासणीच्या टेबलावर. साच्यातून निघालेल्या झाकणाच्या कडेला कधीकधी प्लॅस्टिकची बारीक धार राहते, तिला सगळे 'बर' म्हणतात. ती ब्लेडने काढायची, अंगठ्याने पाहायची आणि मग झाकण पुढे जायचं. ताई हे काम इतकी वर्षं करत होत्या की त्यांच्या अंगठ्याच्या चामडीवर रेषाच उरल्या नव्हत्या. हजेरीच्या मशीनला त्यांचा अंगठा ओळखू येत नसे. रोज सकाळी मशीन नाही म्हणायचं आणि रोज सकाळी ताई त्याला म्हणायच्या, "अरे मीच आहे, कालचीच."

त्या मूळच्या साक्रीकडच्या. नवऱ्याबरोबर तरुणपणी सिल्वासाला आल्या. नवरा वारल्यावरही तिथल्या आमली भागातल्या त्याच दोन खोल्यांत राहिल्या. बोलायच्या आमच्यासारखं साधं मराठी, त्यात कारखान्याची हिंदी आणि भाजीवाल्याची गुजराती कालवलेली. रागावल्या किंवा गहिवरल्या की मात्र सरळ अहिराणी यायची. माणसांना त्या गावावरून हाक मारायच्या. मी 'नाशिक', स्टोअरमधली मुलगी 'शहादा', शिफ्टचे साहेब 'पुणे'. साहेबांनाही तोंडावर "ओ पुणे" म्हणायच्या आणि ते निमूट "हो ताई" म्हणायचे. त्या आवाजात आपलेपणा असा असायचा की रागवायला जागाच नसे.

शिस्त मात्र कडक. एकदा एक मोठी ऑर्डर जायची होती, ट्रक दारात उभा, मी कागद तयार करून बसलेली. ताईंनी सगळी खोकी परत उघडायला लावली. शिफ्टचे साहेब धावत आले. कोणी तपासलाय हा माल, कोणाची चूक आहे, म्हणून ओरडायला लागले. ताई म्हणाल्या, "मीच तपासलाय. सकाळी डोकं दुखत होतं, माझं लक्ष नव्हतं. पास नाही." स्वतःचाच माल स्वतःच परत केला आणि संध्याकाळपर्यंत उभ्या राहून तो पुन्हा पाहिला. त्या दिवशी मला त्यांचा मनापासून राग आला होता, कारण ट्रकवाल्याच्या शिव्या मला खाव्या लागल्या. बसमध्ये मी तोंड फिरवून बसले. त्यांनी पर्समधून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि खिडकीतून बाहेर पाहत राहिल्या.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. झोपेतच गेल्या. त्यांच्याविषयी कोणी विचारलं की लोक अंगठ्याची आणि हजेरीच्या मशीनची गोष्ट सांगतात. मला त्या ठकीसकट आठवतात.

ठकी म्हणजे जुनी लाकडी बाहुली. एकाच लाकडातून कोरलेली, हात पुढे घेतलेले, पायांच्या जागी लुगड्याचा घोळ, त्यामुळे ती कुठेही उभी राहते. ती मी पहिल्यांदा पाहिली ती श्रावणात. आमलीतले खानदेशी लोक कानबाई देवी बसवतात, रोटांचा नैवेद्य करतात, रात्रभर गाणी म्हणतात. ताईंच्या घरी त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसे. मी मदतीला गेले होते. "कपाटातलं हिरवं लुगडं काढ," म्हणून त्यांनी मला आतल्या खोलीत पाठवलं. लुगड्याच्या मागे लहान मुलीच्या फ्रॉकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते घरंगळलं, मी धरलं, आणि फ्रॉकमधून एक लाल लाकडी तोंड माझ्याकडे पाहायला लागलं. ताई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, फ्रॉक नीट केला, परत ठेवली.

"वर्षाची आहे," म्हणाल्या.

वर्षा त्यांची एकुलती एक मुलगी. शाळेत जायच्या आधीच तापाने गेली. हे मला दुसऱ्यांकडून माहीत होतं. ताईंच्या तोंडून तिचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. बाहेर कानबाईची गाणी चालली होती. त्यांनी कपाट लावलं आणि बाहेर जाऊन सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात गायला लागल्या.

त्या ठकीची रीत त्यांनी मला पुढे हळूहळू सांगितली. ती त्यांच्या आईकडून आलेली, आईला तिच्या आईकडून. त्याच्या मागचं कोणालाच ठाऊक नव्हतं. घरात पहिली मुलगी झाली की उष्टावणाच्या दिवशी, म्हणजे बाळ पहिल्यांदा अन्न चाखतं त्या दिवशी, ठकी तिच्या मांडीवर ठेवायची. खिरीचं पहिलं बोट ठकीच्या तोंडाला, दुसरं बाळाच्या. आणि देण्याआधी ठकीला नवं करायचं. जुना रंग खरवडायचा नाही, त्याच्यावरूनच नवा चढवायचा, डोळेही नवे काढायचे. हे काम देणाऱ्या बाईचं, दुसऱ्या कोणाचं नाही. जी मुलगी घेईल तिला ठकी कोरी मिळाली पाहिजे. अशी पिढ्यान्‌पिढ्या रंग खाऊन ठकी जाड झाली होती. तिचं नाक जवळजवळ बुजून गेलं होतं.

वर्षा गेल्यावर ठकी कपाटात थांबली. ताईंच्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली तेव्हा ती द्यायला हवी होती, पण वर्षाला जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. कोणी मागितली नाही. ती मुलगी, सोनाली, मोठी झाली, लग्न होऊन सिल्वासालाच आली, आमलीत ताईंच्या मागच्या गल्लीत राहायला लागली. तिला मुलगी झाली. तेव्हाही कोणी मागितली नाही. ताईंनीच एक दिवस बसमध्ये मला सांगितलं, "नाशिक, ठकी काढायची आहे. सोनालीच्या पोरीचं उष्टावण येतंय."

"मन होईल तुमचं?" मी विचारलं.

"मनाला कोण विचारतं," त्या म्हणाल्या, आणि गलोंडा येईपर्यंत सीटच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिल्या.

कपाटात इतकी वर्षं राहून ठकीची दशा झाली होती. तळाला भुंग्याने पोखरलं होतं. डोक्यापासून पाठीपर्यंत एक चीर गेली होती. रंगाचे पोपडे सुटत होते. ताईंनी सुट्टीच्या दिवशी पद्धतशीर कामाला सुरुवात केली. ठकीला ऊन दिलं, भुंग्याच्या भोकांत कडुनिंबाचं तेल सोडलं. लाकडाचा बारीक भुसा डिंकात कालवून चीर भरली आणि वाळल्यावर पॉलिशपेपरने इतकी हळू घासली की मला बघूनच झोप यायला लागली. चीर कुठे होती ते डोळ्यालाच काय, अंगठ्यालाही कळेना. ताई खूश होत्या. चहा करताना गुणगुणत होत्या.

आणि मग त्यांच्या हातून ते झालं.

कारखान्यात कुठलाही भाग रंगवायच्या आधी थिनरने पुसतात. त्यावर साच्याचं तेल असतं, ते निघाल्याशिवाय रंग धरत नाही. ताईंनी आयुष्यभर हे पाहिलेलं, नव्या पोरींना शिकवलेलं. पुढच्या रविवारी त्यांनी पेंटिंगवाल्याकडून बाटलीत आणलेलं थिनर कापडावर घेतलं आणि ठकीचा चेहरा पुसला. विचारही केला नाही. हात सवयीने गेला.

मला त्यांचा फोन आला. एवढंच म्हणाल्या, "ये." मी गेले तेव्हा त्या खिडकीजवळ जमिनीवर बसल्या होत्या. मांडीवर ठकी, मुठीत कापड. कापड लाल झालं होतं. ठकीचा अर्धा चेहरा पुसला गेला होता. एका बाजूला लाल गाल आणि काळाभोर गोल डोळा तसाच होता. दुसऱ्या बाजूला रंग निघून खालचा पिवळट थर उघडा पडला होता आणि त्यातून दुसराच एक डोळा बाहेर आला होता, लांबट, फिकट, जुना.

"मना मायनी काढेल डोया व्हतात त्या," ताई म्हणाल्या. वर्षाला ठकी द्यायची होती तेव्हा त्यांच्या आईने खास गावाहून येऊन नवे डोळे काढून दिले होते. त्यातला एक आता त्यांच्या मुठीतल्या कापडात होता. वर्षा ज्या चेहऱ्याशी बोलायची, ज्याला भात भरवायची, तो चेहरा अर्धा गेला होता.

मी त्यांच्याजवळ बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी त्या दुसऱ्या, लांबट डोळ्यावरून बोट फिरवलं.

"ही माझी," म्हणाल्या. "मी खेळायची तेव्हा ही अशी होती. मी पार विसरले होते."

त्या रडल्या. मी ताईंना त्याआधी आणि त्यानंतर कधी रडताना पाहिलं नाही. कापड त्यांनी टाकलं नाही. घडी करून खिडकीत ठेवलं.

त्यानंतर काम थांबलं. ठकी तशीच अर्ध्या चेहऱ्याने कपाटात गेली. कारखान्यात ताई कामाला येत, पण कोणाला गावावरून हाक मारत नसत. उष्टावणाचा दिवस तर ठरलेला, धुळ्याहून पाहुणे येणार. शेवटी सोनालीच बाळाला घेऊन आली. मी तिथेच होते. सोनाली फार समजूतदार मुलगी. तिने सगळं ऐकलेलं होतं.

"मावशी," ती म्हणाली, "राहू दे ना ती. आपण हिला नवी बाहुली घेऊ, मोबाइलवर मागवली की दोन दिवसांत येते. वर्षाताईची तुमच्याकडेच ठेवा. मला काही वाटणार नाही."

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, सुटल्या. ही वाट त्यांना हवीच असणार. मला तरी हवी होती. पण ताई पुढे सरकल्या. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं. बाळाला दात येत होते. त्याने ताईंच्या पदराचं टोक तोंडात घातलं आणि हिरड्यांनी जोरजोरात चावायला लागलं. ताई त्याच्याकडे बघत राहिल्या, पदर पार ओला होईपर्यंत.

"पोरगी कपाटात ठेवायची नसते," त्या म्हणाल्या. कोणाबद्दल म्हणाल्या ते आम्ही दोघींनी विचारलं नाही.

आता त्यांनी कारखान्याच्या रंगाचं नाव काढलं नाही. बाळ चाटणार, चावणार, तिथे तो विषारी रंग चालणार नव्हता. आमलीतल्या एका म्हाताऱ्या सुताराकडे त्या मला घेऊन गेल्या. "पाळण्याच्या खेळण्याला लाख लावायची," तो म्हणाला, "गेरू घालून. बाकी काय नको." जवळच्या खेरडी गावची एक बाई कारखान्यात झाडायला येते, तिने घरच्या भिंतींसाठी आणलेला गेरू दिला. ताईंनी तो पाट्यावर वाटून वस्त्रगाळ केला आणि पातळ केलेल्या लाखेत कालवला.

रंग द्यायच्या दिवशी मी ठकीचा तळ धरून बसले होते. मला वाटलं होतं, त्या अर्ध्या चेहऱ्यापासून सुरुवात करतील. त्यांनी ठकी वळवून आधी तिचा डावा हात वर घेतला. मनगटाजवळ रंगात बारीक खळगे होते, वर दोन, खाली दोन.

"वर्षाचे दात," त्या म्हणाल्या. "दात यायचे तेव्हा तिला फार ताप भरायचा. औषधाने गप्प व्हायची नाही. हे चावलं की शांत व्हायची."

तेव्हा मला कळलं की इतके दिवस काय चाललं होतं. चेहऱ्याचं दुःख होतंच, पण खरी अडचण या चार खळग्यांची होती. लेकीच्या अंगाने मागे ठेवलेली तेवढीच खूण जगात होती आणि रीत सांगत होती की ती बुजव. फोटो होता एक, पण तो फोटोवाल्याने काढलेला. हे तिने स्वतः केलेलं.

ताईंनी ब्रश बुडवला आणि त्या जागेवरून फिरवला. आधी तीच जागा. मागाहून हात वळला नसता, असं नंतर म्हणाल्या. मग खांदे, पाठ, लुगडं. शेवटी चेहरा. वर्षाचा गोल डोळा आणि त्यांचा स्वतःचा लांबट डोळा, दोन्ही गेरूखाली गेले.

लाख वाळली. उजेडात धरून पाहिलं तर मनगटावरचे खळगे अजून दिसत होते. एका थराने भरले नव्हते. लाल गेरूत चार पुसट सावल्या राहिल्या होत्या. मला राहवलं नाही.

"ताई, असू द्या तेवढं. कोणाला कळतंय? छानच दिसतंय."

ताईंचा अंगठा त्या जागेवर होता. इतरांना अंगठ्याखाली काही लागलं नसतं. त्यांना लागत होतं.

"मी पण चावली असेन गं," त्या म्हणाल्या. "माझी माय चावली असेल. आमचे सगळ्यांचे दात आहेत आत. माझ्या मायनं माझे भरले, म्हणून वर्षाला ठकी कोरी मिळाली. मी वर्षाचे ठेवले तर या पोरीले मी काय दिधं? मनं दुःख दिधं."

आणि त्यांनी दुसरा थर दिला. मी मान फिरवली. त्या जागेवर ब्रश जाताना मला बघवेना.

तिसऱ्या दिवशी काजळाने डोळे काढले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातली खोट काढणाऱ्या ताईंना डोळे काढता येत नव्हते. एक मोठा झाला, एक छोटा. ठकी जरा भांबावल्यासारखी दिसायला लागली. मी म्हटलं, "पास का?" इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या. "काय करू, पुणे नही, नाशिक नही, मलेच काढनं पडनं," म्हणाल्या, आणि तशीच पास केली.

उष्टावण सोनालीच्या घरी झालं. खोलीत माणसांची दाटी, धुळ्याहून आलेले पाहुणे, खिरीचा वास. सोनालीच्या भावाने बाळाला मांडीवर घेतलं. ताई पुढे झाल्या. नवी चोळी घातलेली, खणाचं लुगडं नेसवलेली ठकी त्यांनी बाळाच्या मांडीवर ठेवली आणि लगेच हात काढून घेतला. खिरीचं पहिलं बोट ठकीला लागलं, दुसरं बाळाला. बायकांनी बाळाचं नाव घेऊन कौतुक केलं. ताई एका बाजूला भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. चेहरा कोरडा होता. मला त्यांच्याकडे पाहून भीती वाटत होती.

बाळाला खिरीत काही रस नव्हता. त्याने ठकीला दोन्ही हातांनी पकडलं, तिचा हात तोंडात घातला आणि होता तेवढा जोर लावून चावलं.

"अगं, अगं, नवा रंग आहे!" म्हणत सोनाली धावली. कोणीतरी हसलं. ताईंनी मधेच सोनालीचं मनगट धरलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "चावू दे तिले."

बाळ बराच वेळ चावत होतं, डोळे मिटून, अगदी मन लावून. दमलं तेव्हा ठकी मांडीवरून घसरली. ताईंनी खाली बसून ती उचलली. पदराने लाळ पुसली आणि तिचा हात खिडकीच्या उजेडात धरून त्या जागेकडे पाहिलं. मी दारात उभी होते, मला तिथून काही दिसत नव्हतं. काही उमटलं होतं की नाही मला माहीत नाही. ताई पाहत राहिल्या, आणि मग त्यांनी दोन्ही हातांनी ठकी बाळाला परत दिली.